बागेसमोरची दुपार

काल इथल्या ओटाहुहू उपनगरातल्या एका दुकानात गवती चटईची गुंडाळी उलगडली आणि ओलसर, हिरवा वास आला. माझी बायको नीलिमा, तिला जाऊन सोळा वर्षं झाली. तरी मी चटई तशीच टाकून बाहेर आलो. त्या वासातली दुपार मला सुखाची म्हणून आठवताच येत नाही.

दोन हजार सातच्या मार्चमध्ये माझ्या ऑफिसच्या कामाला जोडून आम्ही जपानात एक शनिवार-रविवार काढला होता. सकाळी किल्ला पाहिला. आतल्या उभ्या लाकडी जिन्यावर ती दोनदा थांबली.

"पर्वती पळत चढायचीस ना गं?" मी चिडवलं.

"तेव्हा मागे तू नव्हतास टोचायला," ती म्हणाली.

दुपारी एका खेड्यातल्या घरगुती मुक्कामाला पोचलो. खोलीभर गवताच्या चटया, त्यांवर गाद्या, आणि सरकत्या दाराबाहेर शेवाळलेल्या दगडांची बाग. नीलिमा आडवी झाली, लगेच उठली आणि खांबाला टेकून बसली.

"झोप की जरा."

"नको, बसूनच बरं वाटतंय. बाग बघते."

मी खूश झालो. परतल्यावर टाकानिनी उपनगरातल्या आमच्या घरी येईल त्याला कौतुकाने सांगायचो, हिला बाग इतकी आवडली की ही आडवी व्हायलाच तयार नव्हती. ती चहा ओतत नुसती हसायची.

हिवाळ्यापर्यंत तिचं हृदय पार थकलं होतं. आडवं झाल्यावर धाप कधीपासून लागते, असं डॉक्टरांनी विचारलं.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "जपानपासून."