पुसलेलं पाणी

मे महिन्यात घराचे बाहेरून फोटो काढू नयेत, असं उन्नती बिल्डरांना तोंडावर सांगायची. त्या दिवसांत नागपूरचं आभाळ निळं नसतंच. धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखं पांढरं पडतं. भिंतीचा रंग उडतो, लांबची इमारत झळांमध्ये हलते. पाऊस पडून धूळ खाली बसू द्या, मग बघा तुमचं घर, असं ती म्हणे. उत्तरेकडे तोंड असलेल्या घराला थंडीत ती हात लावत नसे, कारण तेव्हा त्याच्या दर्शनी भिंतीवर ऊन येतच नाही. बिल्डर चिडत. पण फोटो पाहिला की पुन्हा तिलाच बोलावत.

चिडलेल्यांची समजूत काढायचं काम गुंजनचं. दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. कॅमेरा उन्नतीचा, बोलणं गुंजनचं, धंदा दोघींचा. उन्नतीची आई गेली तेव्हा तेरवीपर्यंत गुंजन तिच्याजवळच झोपली होती. अशा माणसावर संशय घ्यायचं उन्नतीच्या मनात कुठून येणार?

मनीषनगरच्या पुढे एका बिल्डरने जोडघरांची ओळ बांधली. ऑगस्टमध्ये रातभर पाऊस कोसळून सकाळी लख्ख उघडलं. उन्नतीला हवं होतं अगदी तसं आभाळ. ती गाडी काढून पोचली आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकली. मागचा रस्ता कोरडा, आणि घरांपुढे गुडघाभर पाणी. जागाच बशीसारखी खोल होती. तिने फोटो काढला. वर ढग, मधे पिवळ्या भिंती, खाली पाण्यात त्यांची उलटी छबी.

"बिल्डरले हा दाखव," ती गुंजनला म्हणाली. "पाणी काढायची सोय केल्याशिवाय आपण हे काम पुढे न्यायचं नाही."

"दाखवते वं. ते नाली बांधूनच राहिले."

दिवाळीच्या सुमारास वर्धा रोडवर मोठा फलक लागला. आभाळ तेच, ढग तेच, भिंती त्याच. पाण्याच्या जागी मात्र हिरवंगार गवत, त्यावर सायकल चालवणारी मुलगी. कोपऱ्यात उन्नतीचं नाव. तिने तिथूनच गुंजनला फोन लावला.

"नाली झाली ना आता," गुंजन म्हणाली. "मी सोता पाहून आली. जे पाणी साचतच नाही, ते दाखवायचं काहून?"

उन्नतीने विश्वास ठेवला. डिसेंबरात जाऊन पाहिलं असतं तरी काय दिसलं असतं? तेव्हा सगळं शहरच कोरडं असतं.

पुढच्या जुलैत, पाऊस धो धो चालू असताना, इंदुताईंचा फोन आला. या तिच्या आईच्या जिवलग मैत्रीण, निवृत्त नर्स, भिवापूरला एकट्या राहणाऱ्या. उन्नती त्यांना मावशी म्हणायची.

"पोरी, घरात पाणी शिरून राहिलं."

"भिवापूरच्या?"

"नाही वं. इथच्या, नवीन घरात. मागच्याच हप्त्यात आली मी. फोटोखाली तुझं नाव पाहिलं, म्हटलं आपल्या पोरीनं पारखलेलं घर आहे. फलकावरच्या नंबरवर फोन केला तं गुंजननंच उचलला, घरही तिनंच दाखवलं. म्हणाली, उन्नतीले वास्तुपूजेपर्यंत सांगू नका, तिले खुश करू."

उन्नती पोचली तेव्हा मावशी जिन्याच्या चौथ्या पायरीवर मांडीत देवांची डबी घेऊन बसल्या होत्या. खाली पाण्यात चपला तरंगत होत्या. गादी भिजून फुगली होती. उन्नतीने त्यांना हाताला धरून बाहेर काढलं, आपल्या घरी नेलं, कोरडं लुगडं दिलं आणि तशाच ओल्या कपड्यांनी गुंजनचं दार वाजवलं.

"नाली कुठं आहे?"

"बांधणार होते," गुंजन म्हणाली.

"तू पाहून आली म्हणाली होती."

"सगळेच करून राहिले, उन्नती. तूही तर चांगलं आभाळ निवडूनच फोटो काढते ना?"

"मी आभाळाची वाट पाहते. कोणाच्या दारातलं पाणी नाही पुसत. पण मावशीच काहून, गुंजन? तुले माहीत होतं, ती माही कोण आहे."

"तिनंच तुझं नाव पाहून फोन केला. तिले काही पटवून द्यावंच लागलं नाही."

हे गुंजन अगदी सहज बोलली. उन्नती जिना उतरून खाली आली आणि पावसात गाडीपाशी उभी राहून रडली.

दुसऱ्या दिवशी तिने ऑगस्टमधला मूळ फोटो त्या ओळीतल्या प्रत्येक घरी नेऊन दिला. सगळे मिळून बिल्डरकडे गेले. बरीच भांडणं झाली, फलक उतरला, आणि उन्हाळ्याच्या आत खरीखुरी नाली खणली गेली. मावशी परत त्या घरात राहायला गेल्या. उन्नतीवर त्यांनी कधी राग धरला नाही, पण पाऊस सुरू झाला की अजूनही त्या सामान खाटेवर चढवतात.

गुंजनने वेगळा थाटलेला धंदा जोरात आहे. तिला आता ऋतूची वाट पाहावी लागत नाही. भर मे महिन्यात काढलेल्या फोटोवरही संगणकात निळं आभाळ बसवून मिळतं. मागे लकडगंजात एका लग्नात ती समोर आली. "बोलणार नाहीस का वं?" तिने हसून विचारलं. उन्नतीने तिच्याकडे पाहिलं. तेच हसू, तीच जुनी लाडाची हाक. क्षणभर तिच्या तोंडून 'बोल ना' निघणारच होतं. मग ती वळली आणि मावशींना जेवायला वाढलंय की नाही ते पाहायला निघून गेली.