चौदा कप्पे आणि एक थर्मामीटर

तिला सगळे कप्पेवाली म्हणायचे. नवरा होता तेव्हा तोही म्हणायचा, आणि वर हसायचा. काम तिचं तेच. जुन्या पँटी, फाटक्या छत्र्या, सोफ्याची खोळ, बोऱ्यांचं तागाचं कापड, जे हाताला लागेल त्याचे ती कप्पे शिवायची. दाराच्या मागे लटकवायचा कप्प्यांचा पडदा, पलंगाच्या कडेला अडकवायची चष्म्याची पिशवी, स्वयंपाकघरात खिळ्याला टांगायची कांद्या-बटाट्याची झोळी. ज्या घरात वस्तू सापडत नाही म्हणून सकाळी भांडण होतं, त्या घरी हिला बोलावणं यायचंच.

टेप मात्र ती वापरायची नाही. टेप होता, पण तो गळ्यात घालायला. गिऱ्हाईक आलं की म्हणायची, "माप नका सांगू. वस्तू आणा." न्हावी कात्र्या घेऊन यायचा, बाई लाटणं घेऊन यायची. ती वस्तू हातात घेऊन खालीवर करायची, मांडीवर ठेवायची, कापडात गुंडाळून बघायची. मग म्हणायची, "हिला अमुक इतकी जागा पाहिजे." आणि खरंच, तिच्या कप्प्यात वस्तू अशी बसायची की जणू तिथेच जन्मली.

कप्प्याचं तोंड ती सरळ कधी ठेवायची नाही. तिरपं ठेवायची, डावी बाजू उंच, उजवी उतरती. हात सहज आत जातो, उभ्याउभ्या वस्तू निघते. तीस वर्षं हेच करत आली. डोळे मिटून केलं तरी तिरपंच व्हायचं.

एका रविवारी तिचा पुतण्या आला. थोरल्या जाऊबाईंचा मुलगा. तो बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावायचा, आणि माणसांनाही लावायचा. जाऊबाई दोन घरं सोडून एकट्या राहायच्या. त्यांची नजर दोन वर्षांत विझत विझत आली होती. उजेड-अंधार कळायचा, माणूस आवाजावरून कळायचा, बाकी सगळं धुकं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे ते सांभाळा, गेलेलं येणार नाही.

"काकू, मी आईला घेऊन जातो," आईच्या दारात कप्पेवालीला बोलावून पुतण्या म्हणाला. "परवा चुकीची गोळी घेतली तिनं. चष्मा तर डाळीच्या डब्यात सापडला."

"चष्म्याचा त्यांना आता काय उपयोग?" कप्पेवाली म्हणाली.

"तोच तर मुद्दा आहे ना!"

आत पलंगावर बसलेल्या जाऊबाई म्हणाल्या, "मुद्दे तुझ्या डेपोत ठेव. मला इथला दरवाजा माहीत आहे, नळ माहीत आहे, भिंत कुठे वळते ते माहीत आहे. तुझ्या घरी चौथ्या मजल्यावर मी काय करू? पाहुण्यासारखी बसून राहू?"

पुतण्या वाईट नव्हता. त्याला आईची काळजी होती, म्हणून तो जोरात बोलत होता. शेवटी ठरलं ते असं. पुढच्या रविवारपर्यंत आईनं सगळं आपलं आपण नीट शोधून दाखवायचं. नाही जमलं, तर तो बॅग घेऊनच येणार.

तो गेल्यावर कप्पेवाली म्हणाली, "जाऊबाई, वस्तू काढा."

"कुठल्या?"

"सगळ्या. रोज लागतात त्या."

चौदा निघाल्या. मग ती घरी जाऊन ट्रंक उपसत बसली. डोळ्यांना नाही तर बोटांना कळेल असं करायचं, हे तिनं ठरवलं होतं. सकाळच्या गोळ्यांना जाड जीनचं कापड. संध्याकाळच्या गोळ्यांना टॉवेलाचं. कंगव्याला कॉरडुरॉय, बोट फिरवलं की रेघा लागतात. किल्लीला ताग. रुमालांना थोरल्या दिरांच्या शर्टाचा खिसा, बटणासकट. हे कापड जाऊबाईंनी हाताखाली घेतलं आणि नुसतं बटण चाचपत राहिल्या. कप्पेवालीनं खिडकीबाहेर बघून घेतलं.

बुधवारी पडदा भिंतीवर लागला, पलंगाजवळ, जाऊबाईंच्या खांद्याच्या उंचीवर. "वा," जाऊबाई म्हणाल्या, "आता माझं घर मला तोंडपाठ."

गुरुवारी कप्पेवाली गेली तेव्हा कंगवा जमिनीवर. तिनं तो उचलून ठेवला. शुक्रवारी गेली तर गोळ्यांची पट्टी पलंगाखाली, किल्ली पायपुसण्यावर, आणि जाऊबाई गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होत्या.

"काय शोधताय?"

"काही नाही गं. पाय मोकळे करत होते."

"गुडघ्यांवर बसून?"

जाऊबाई उठून पलंगावर टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, "नीट ठेवते मी. देवाशपथ नीट ठेवते. पण हाताला काय झालंय कळत नाही. त्याला सांगू नकोस."

कप्पेवालीनं पायपुसण्यावरची किल्ली उचलली. तिला वाटलं, आपणच हट्ट धरला. पुतण्याचं खरं आहे. इथे एकट्या राहिल्या आणि उद्या काही झालं तर कुणाला तोंड दाखवायचं? त्याला फोन करून सांगावं, ने बाबा. तिनं फोन हातातही घेतला होता.

पण भाजी निवडायची होती, म्हणून दोघी टेबलाशी शेजारी शेजारी बसल्या. जाऊबाईंना शेंगा सोलायला नजर लागत नव्हती. कप्पेवाली उजवीकडे हात नेतेय तोच जाऊबाईंचं कोपर तिच्या बरगडीत बसलं.

"अहो, लागलं ना!"

"तू सरक की जरा. चाळीस वर्षं तुला सांगतेय, माझ्या डाव्या बाजूला बसत जाऊ नकोस."

कप्पेवालीच्या हातातली शेंग तशीच राहिली. चाळीस वर्षं सणावाराला एका ओट्यावर दोघींनी स्वयंपाक केला होता. चाळीस वर्षं हे कोपर तिला लागत आलं होतं, पोळी लाटताना, भांडी घासताना, वाळवणाची चादर धरताना. जाऊबाई डावऱ्या होत्या. सगळ्या जगाला ठाऊक होतं. आणि हिनं चौदाच्या चौदा कप्पे उजव्या हातासाठी शिवून ठेवले होते.

ती उठली, पडद्यापाशी गेली आणि कंगवा डाव्या हातात धरून त्याच्या कप्प्याकडे नेला. उंच कड मध्येच आडवी आली. कंगवा आत गेला असं वाटलं, पण तो कडेवर टेकला होता. हात काढला तसा उजवीकडच्या उतारानं घसरला आणि टक्‌ करून खाली.

"काय पडलं?" जाऊबाईंनी विचारलं.

"माझी अक्कल," कप्पेवाली म्हणाली. "जाऊबाई, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. मी मूर्ख आहे."

"ते मला पहिल्यापासून माहीत आहे. पण झालं काय?"

सांगितल्यावर जाऊबाई इतक्या हसल्या की शेंगांचं ताट खाली आलं. हसता हसता डोळे पुसले, आणि बराच वेळ पुसतच राहिल्या. "मला वाटलं गं," त्या म्हणाल्या, "मला वाटलं, आता डोकंही चाललं."

शनिवारी सकाळी जेवणाचं आटपून कप्पेवाली पायमशीनवर बसली. सगळा पडदा नव्यानं शिवायला ना कापड होतं ना वेळ. मग तिनं प्रत्येक कप्प्याचा वरचा तिरपा कोपरा आडवा कापला, उलटा केला, आणि त्याच जागी परत जोडला. आता उंच बाजू उजवीकडे आली. कोपरे मात्र कापडाची मागची बाजू दाखवत होते, जीनचा कोपरा फिका, टॉवेलाचा चपटा. तिच्या हातून असं गबाळं काम पूर्वी कधी गेलं नव्हतं. तिन्हीसांजेला पडदा भिंतीवर टांगला तेव्हा जाऊबाईंनी तो चाचपला आणि म्हणाल्या, "हे बरं झालं. कोपरा लागला की कळतं, इथून आत."

रविवारी पुतण्या आला. हातात मोठी बॅग, चेन उघडी. त्यानं ती दाराशी ठेवली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"आई, किल्ली?"

डावा हात तागावर गेला. किल्ली बाहेर.

"सकाळची गोळी?"

"घेतली. ही उद्याची." जीनमधून पट्टी निघाली, त्यातली किती उरली तेही त्यांनी बोटांनी मोजून सांगितलं.

कंगवा, रुमाल, सुई-दोरा, फोन. एक वस्तू पडली नाही. पुतण्याला वाटलं, हे पाठ करून घेतलंय. त्यानं एकदम विचारलं, "आणि थर्मामीटर?"

कप्पेवालीनं पडद्याकडे बघितलं. थर्मामीटर चौदांत नव्हता.

जाऊबाईंनी हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. "तो तुझ्या काकूकडे आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू कॉलेजात होतास तेव्हा तिला ताप आला म्हणून तिनं नेला होता. तिच्या मशीनच्या डाव्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनच्या डब्यात. आज आणते, उद्या आणते करत तिनं अजून परत केलेला नाही."

पुतण्यानं काकूकडे बघितलं. काकूनं जमिनीकडे बघितलं.

तो हसला नाही. आधी आईजवळ पलंगावर बसला, आणि तिच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून सरळ केली, लहानपणी नखं कापून घेताना आईनं त्याची धरली असतील तशी. मग म्हणाला, "दर रविवारी येणार मी. सव्वाअकराच्या गाडीनं."

"ये ना," जाऊबाई म्हणाल्या. "पण ती बॅग दारातून उचल आधी. मी अडखळेन."

जाताना त्यानं ती रिकामीच नेली.

त्या दिवसापासून कप्पेवाली वस्तू हातात घ्यायच्या आधी गिऱ्हाईकाला विचारायला लागली, "हात कोणता चालतो?" काही जण चिडायचे, हा काय प्रश्न झाला म्हणून.

सोमवारी सकाळी ती थर्मामीटर घेऊन जाऊबाईंकडे गेली. बॉबिनच्या डब्यातच होता. जाऊबाईंनी तो रुमालानं पुसला, आणि डावा हात पडद्यावरून वरपासून खालपर्यंत फिरवला.

"याला जागा कुठे आहे गं?"

"नाहीये, माहीत आहे," कप्पेवाली म्हणाली, आणि गळ्यातला टेप काढून खुर्चीवर ठेवला. "आणा इकडे. मापाला तोच लागेल."