अनुसयाबाईंचा उजवा खांदा

अनुसयाबाईंच्या उजव्या खांद्यात दोन वर्षांपासून कळ होती आणि घरात कोणी ती खरी मानत नव्हतं. सोनोग्राफीत काही निघालं नव्हतं ना! जाऊ शकुंतलाबाई तर तोंडावर म्हणायची, "मशीनीले दिसत नाई, डाक्टरले दिसत नाई, धुणं धुवाच्या वेळेसच कसं दुखते वो तुले?"

तो रिपोर्ट चेतना मॅडमनी दिलेला होता, हेच अनुसयाबाईंना जास्त लागायचं. जवळच्या मुर्री गावाहून रोज येत अठरा वर्षं त्या मॅडमच्या गोंदियातल्या सोनोग्राफी सेंटरात मदतनीस होत्या. पेशंटला आत घ्यायचं, टेबलावर झोपवायचं, पडदा ओढायचा आणि बजावायचं, "हलू नका बरं." मॅडमवर त्यांची देवाइतकी श्रद्धा. आता देव खोटा म्हणावा की खांदा?

महिन्यातल्या एका रविवारी, सेंटर बंद असताना, तिथं वेगळीच शाळा भरायची. चेतना मॅडम, गोंदियाचेच डॉक्टर हिमांशू आणि तिरोड्याचे डॉक्टर देवेंद्र. तिघांचेही केस याच कामात पिकलेले, पण या शाळेत गुरुजी कोणीच नाही. आपल्याला जे नीट जमत नाही ते मांडायचं, एकमेकांच्या अंगावर सोनोग्राफीचा प्रोब फिरवून बघायचं, आणि तोंड उघडण्याआधी प्रत्येकानं आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं. एकाच्या बोलण्यामागं दुसऱ्यानं वाहत जाऊ नये म्हणून. मग चिठ्ठ्या उघडल्या की जे भांडण जुंपायचं!

त्या रविवारी पाळी खांद्याची होती. "माझा खांदा ठणठणीत. बघून काय शिकणार?" देवेंद्र हसत म्हणाले. तेवढ्यात बाजूला चहा देताना अनुसयाबाईंच्या खांद्यात कळ आली, कप कलंडला.

"अजून दुखतो?" मॅडमनी विचारलं.

"तुम्ही नाई म्हणलं ना मॅडम. मनातलंच असन."

मॅडमनी स्टूल पुढं ओढलं. "बसा."

तिघांनी आळीपाळीनं पाहिलं. अनुसयाबाई दगडासारख्या बसल्या, श्वाससुद्धा बेतानं घेत. चिठ्ठ्या उघडल्या. हिमांशूंची, काही नाही. देवेंद्रांची, काही नाही. मॅडमच्या चिठ्ठीवर होतं, 'माहीत नाही.'

"मॅडम, ये कोई रिपोर्ट है?" हिमांशू म्हणाले.

"आज आहे." मॅडम अनुसयाबाईंकडे वळल्या. "नेमका कधी दुखतो?"

"पडदा ओढतानी. धुण्याले पिळा घालतानी."

"मग तसं करून दाखवलं का नाही?"

"बाप्पा! प्रोब लावल्यावर हलू कशी? मीच तर साऱ्यायले सांगतो, हलू नका म्हणून!"

तिघांचा मिळून साठ वर्षांचा अनुभव, आणि तिघांनी थांबलेलाच खांदा पाहिला होता.

देवेंद्रांनी प्रोब धरला. कोपर अंगाशी ठेवून अनुसयाबाईंनी हात बाहेर नेला, पडदा ओढतात तसा. स्क्रीनवरचा पांढरा गोल ठिपका हाडाच्या खाचेतून टुणकन बाहेर उडाला. अनुसयाबाई कळवळल्या. हात आत आला तसा ठिपकाही जागेवर आला.

"रुको, रुको!" हिमांशू उभेच राहिले.

"दंडाच्या स्नायूची दोरी आहे ती," मॅडम हळूच म्हणाल्या. "खाचेतून निसटते. म्हणून दुखतं."

अनुसयाबाई स्क्रीनकडे बघत राहिल्या. "म्हणजे मी खोटं नाई बोलून राहिली?"

"नाही हो. मीच तुम्हाला हलू दिलं नाही. चुकलं माझं." मॅडमनी कापूस घेऊन त्यांच्या खांद्यावरचं जेल स्वतः पुसायला घेतलं.

मागं देवेंद्र आणि हिमांशूंचं जुंपलं होतं, प्रोब आडवा धरावा की तिरपा. "एकदा परत दिसलं असतं तर..." देवेंद्र पुटपुटले.

"पुरे आता," मॅडम म्हणाल्या. "त्रास होतो त्यांना."

अनुसयाबाईंनी पदरानं डोळे पुसले, मॅडमचा कापसाचा हात हलकेच बाजूला केला आणि स्टुलावर सरळ होऊन बसल्या.

"पाहून घ्या साहेब, नीट पाहून घ्या. तुमच्या तिरोड्यात बी असन माह्यासारखी एखादी."

आणि दात आवळून त्यांनी हात पुन्हा बाहेर नेला.