आधी सुनेचं ताट

यमुआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबडच्या कारखान्यात शिफ्ट संपवून हात धूत होतो. महिना होईल आता. माझ्या पाहण्यातली ती सगळ्यात भांडखोर बाई. तिला कुणी प्रेमळ म्हटलं असतं तर त्यालाही तिने दोन शिव्या हासडल्या असत्या...

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. कळवणजवळच्या तिच्या गावी माझ्या आतेभावाचे, बाळूचे, दोन मुलगे वयाच्या मानाने फारच खुरटे राहिले होते. "आमच्या घराण्याची काठीच बारकी," असं बाळू मोठ्या रुबाबात सांगे. खरं तर त्याची बायको मंदा दोन्ही वेळा अर्धपोटीच राहिली होती. गरोदर बाईने पोटभर खाल्लं तर मूल मोठं होऊन अडतं अशी समजूत, शिवाय बायकांनी शेवटी जेवायचं, म्हणजे पातेलं खरवडायचं. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आत्याने ठरवलं, आता आधी सुनेचं ताट.

सुट्टीत मी तिथेच होतो. मळ्यातून आलेल्या बाळूने बायकोला आपल्याआधी जेवताना पाहिलं आणि ताट लाथेने उडवलं. मंदाला केसांना धरून उंबऱ्यापर्यंत फरपटत नेलं. आत्याने चुलीतलं पेटतं लाकूड ओढलं आणि पोटच्या पोराच्या दंडावर हाणलं. कातडी जळल्याचा वास घरभर पसरला.

"गाभण गाईला सरकी घालतो ना रं? मंग हिनं काय घोडं मारलंय?" ती किंचाळली. "परत हात लावला तर डोसक्यात घालीन!"

पुढचे सगळे महिने ती मांडीवर कोयता घेऊन सुनेला जेवू घालत होती. भावकीने बोलणं टाकलं, गावाने कैदाशीण म्हटलं. मुलगी झाली. चिकाचं दूध पिळून टाक म्हणणाऱ्या सुइणीलाही आत्याने ढकलून बाहेर काढलं. मला तिची भीती वाटायची, आणि तिच्याइतका अभिमान दुसऱ्या कुणाचा वाटला नाही.

परवा अंत्ययात्रेच्या वेळी त्याच मुलीने, सुनंदाने, आजीला खांदा द्यायचं म्हटलं. भावकीतल्या एकाने तिला हिसडा देऊन मागे ओढलं. तिने त्याच्या कानाखाली वाजवली. मग बाकीचे बाजूला झाले. पुढच्या खांद्यांना एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तिचा थोरला भाऊ. तिरडी उचलली आणि एकदम भावाकडे कलली... आत्या घसरायला लागली.

"वाक गं जरा," बाळू रडत म्हणाला.

ती वाकली नाही. भावाने टॉवेलची जाड घडी करून आपल्या खांद्यावर ठेवली, तेव्हा कुठे आत्या सरळ झाली.