स्टेपनीच्या जागी उकडा तांदूळ: जुबैल ते राबिघ, ताऱ्याच्या गाडीतून

डिसेंबरअखेर काँट्रॅक्ट खलास, असा कागद सुहासरावांच्या हातात पडला तेव्हा मी ओट्याशी कोळंबी सोलत होते. सुहासराव म्हणजे माझे यजमान. सौदीतल्या जुबैलच्या एका प्लांटवर ते वेल्डिंग इन्स्पेक्टर होते, आणि दुसऱ्याच्या कामातली केसाएवढी चीर त्यांना दहा फुटांवरून दिसते. देशाच्या दुसऱ्या टोकाला, तांबड्या समुद्राकाठी, राबिघला तेलशुद्धीकरणाचं मोठं काम चालू होतं आणि तिथे इन्स्पेक्टर हवे होते. शनिवारी सकाळी दहाला मुलाखत ठरली. ही नोकरी मिळाली तर ठीक, आमच्या सहावीतल्या रेवाला तिकडच्या भारतीय शाळेत हलवता येईल; नाहीतर महिन्याभरात देश सोडायचा एक्झिटचा शिक्का घेऊन चिपळूण, आणि तिची शाळा अर्ध्यावर.

विमान होतं. पण सुहासराव म्हणाले, "गाडीनं जाऊ. माणूस कशातून उतरतो हे लोक बघतात."

गाडीबद्दल सांगायला हवं. कंपनीचं नाव लिहीत नाही. जर्मन आहे आणि नाकावर तारा आहे, एवढं पुरे. देश सोडून जाणाऱ्या एका जॉर्डनच्या इंजिनियरकडून घेतलेली, पंधरा वर्षांची, दरवाजा लावला की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज. आमच्या लहानपणी कुणा शेठची अशी गाडी चिपळुणात आली होती, तेव्हा शाळेतली मुलं रांगेनं जाऊन टायरला हात लावून आली होती. त्या रांगेत सुहासराव होते. बाकीची मुलं पुढे मोठी झाली.

त्या गाडीचा इतिहास आमच्या घरी आरतीसारखा म्हटला जातो. एका जर्मन माणसानं घोड्याशिवाय चालणारी तीनचाकी बनवली. लोक हसले. मग एके दिवशी ती गाडी शंभर किलोमीटर चालून गेली आणि जगानं मान्य केलं. पुढे तिला एका व्यापाऱ्याच्या मुलीचं नाव मिळालं. शेवटचं वाक्य ठरलेलं: "ही गाडी रस्त्यात थांबत नाही." प्रवासात हा इतिहास मी मुद्दाम विचारते, कारण जेवण झालं की सुहासरावांच्या डोळ्यांवर झापड येते. या देशात बायकांनी गाडी चालवायची नाही, त्यामुळे चालवणाऱ्याला जागं ठेवणं हे माझं खातं.

आता तांदळाची गोष्ट. आखातात राहणाऱ्यांना "जाताच आहात तर" हे शब्द नीट माहीत असतील. आपण कुठे निघालोय हे कळायचा अवकाश, की लोक डबे घेऊन दारात येतात. खालच्या मजल्यावरच्या फातिमाभाभी मूळच्या दाभोळच्या. बुधवारी संध्याकाळी सुकटीचा डबा आणि उकड्या तांदळाची वीस किलोची गोणी घेऊन त्या वर आल्या. "राबिघला जातांव म्हणतेस ना, मग माझ्या भावाला एवढं ने गो. कॅम्पात सहा कोकणी पोरं आहेत, बासमती खाऊन कंटाळलीत."

डिकीत आधीच कुकर, शेगडी, कपडे आणि रेवाचं प्रोजेक्ट होतं. गोणी काही बसेना. तळाचा पत्रा उचलला तर खाली छान गोल खड्डा होता आणि त्यात स्टेपनी बसली होती. मी ती काढली, गॅलरीत कपड्यांच्या दोरीखाली ठेवली आणि खड्ड्यात गोणी बसवली. अगदी मापात बसली. कधीच न थांबणाऱ्या गाडीला स्टेपनी कशाला, असा माझा हिशोब. हिशोब त्यांचाच होता, मी फक्त वापरला. सुहासराव तेव्हा बॉनेटवरचा तारा टूथपेस्टनं घासत होते.

गुरुवारी पहाटे निघालो. जुबैल ते रियाध रस्ता सरळ आणि कंटाळवाणा, मधे उंट दिसले की तेवढाच बदल. दम्मामच्या पुढे एका पंपावर फूल आणि तव्याएवढी गरम तमीस रोटी खाल्ली, तिघांचं सात रियालात भागलं. फूल म्हणजे घोटलेले वाल समजा, वर तेल. पेट्रोल लिटरला साठ हलाला (शंभर हलालांचा एक रियाल), पाण्याची बाटली एक रियाल, त्यामुळे गाडीची तहान आमच्यापेक्षा स्वस्तात भागत होती. पंपावरच्या मल्याळी माणसानं ताऱ्याकडे बघून सुहासरावांना "सेठ" म्हटलं. त्यांनी त्याला पाच रियाल बक्षीस दिलं, म्हणजे नाश्त्याच्या जवळपास.

रियाधला फर्निश्ड अपार्टमेंट एकशेवीस रियालला मिळालं. कुटुंब असेल तर नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, बायकोचं नाव दाखवावं लागतं, तेव्हा मूळ इकामा आणि प्रती सोबत ठेवा. मी कुकर लावला. घासाघीस करायची असेल तर चावी टेबलावर तारा वर करून ठेवू नका, हेही सांगून ठेवते.

शुक्रवारी ताइफच्या रस्त्याला लागलो. साडेअकराच्या सुमारास, जिथे मैलोगणती काही नव्हतं तिथे, मागून फटफट आवाज आला आणि न थांबणारी गाडी थांबली. मागच्या डाव्या चाकात बोटाएवढा खिळा होता. सुहासराव अजिबात डगमगले नाहीत. बाह्या सरसावल्या, रेवाला म्हणाले, "बघ, पाच मिनिटांचं काम," आणि डिकी उघडून पत्रा उचलला.

त्यांनी गोणीला बोटानं टोचून पाहिलं.

"अगं, इथे तांदूळ आहे," ते म्हणाले.

"हो, उकडा आहे."

"आणि स्टेपनी?"

"गॅलरीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गोणीकडे पाहिलं आणि मग जाऊन रस्त्याच्या कठड्यावर बसले. मला खरंच रडू यायला लागलं. उद्या दहाची वेळ, अजून आठशे किलोमीटर बाकी, आणि माझ्या वीस किलो तांदळापायी रेवाची शाळा जाणार, असं डोळ्यांपुढे दिसायला लागलं. दोन ट्रक न थांबता गेले.

हायवेखालून उंटांना पलीकडे जाण्यासाठी बोगदे ठेवलेले असतात. त्यातल्या एकातून धुळकट पिकअप बाहेर आली आणि कुंपणाच्या पलीकडे वाळूत थांबली. मागे सात-आठ बकऱ्या. चालवणारी बाई होती. अंगभर काळं, चेहऱ्यावर बुरखा, फक्त डोळे दिसत होते, आणि कोपर खिडकीबाहेर आमच्याकडच्या ट्रक ड्रायव्हरसारखं. शहरात बायकांनी स्टिअरिंगला हात लावायची सोय नव्हती, पण वाळवंटातल्या आडवाटेवर बदू, म्हणजे भटक्या टोळ्यांतल्या, बायका पिकअप चालवतात हे ऐकून होते. आज प्रत्यक्ष पाहिलं. ते नेमकं कुठे ते मी मुद्दाम लिहीत नाही.

ती उतरली, कुंपणाच्या तुटक्या जागेतून आत आली, चाक पाहिलं आणि म्हणाली, "इस्तेब्ना?"

माझं अरबी भाजीवाल्यापुरतं आहे, पण हा शब्द कळला. आपली स्टेपनीच ती, अरबांनीही उचललेली. मी म्हटलं, "इस्तेब्ना जुबैल." मग डिकी दाखवली. "इस्तेब्नाच्या जागी रुझ." रुझ म्हणजे तांदूळ. ती बाई गाडीला टेकून इतकी हसली की मागच्या बकऱ्या ओरडायला लागल्या. हसून झाल्यावर तिनं दूरवर बोट केलं, "बंशर," म्हणजे पंक्चरवाला. सुहासराव लगबगीनं चाक उचलायला गेले तर तिनं हातानं त्यांना थांबवलं आणि माझ्याकडे बोट केलं. "इंती. यल्ला." तू. चल.

बरोबरच होतं तिचं. परक्या पुरुषाला ती शेजारी कशी बसवणार? सुहासरावांनी चाक काढून पिकअपमध्ये टाकलं आणि तीन चाकांवर उभ्या गाडीपाशी रेवाला घेऊन राखणीला उभे राहिले. निघताना म्हणाले, "नट मोजून घे." नट तर त्यांच्याच हातात होते.

तिचं नाव उम्म फहद. फहदची आई. तिनं डांबरी रस्त्याला चाक लावलं नाही, वाळूतूनच तासभर नेलं आणि पंपाच्या मागच्या बाजूला गाडी उभी केली. मी चाक ढकलत दुकानापाशी गेले तर शटर बंद. शुक्रवारची नमाज. दीड वाजेपर्यंत मी टायरवर बसून होते. मग पंक्चरवाला आला, पेशावरचा म्हातारा. त्यानं चाकाकडे, माझ्याकडे आणि पुन्हा चाकाकडे पाहिलं.

"बाजी, साहब किधर है?"

"साहब गाडी सँभाल रहे हैं।"

"गाडी तो यहाँ है," चाकावर हात ठेवून तो म्हणाला. दहा रियाल घेतले आणि वर चहा पाजला.

परतताना अर्ध्या वाटेत उम्म फहदनं ब्रेक मारला, स्टिअरिंगवर थाप मारली आणि भुवया उंचावल्या. तुला येतं का? मी परशुराम घाटात भरलेली जीप चालवलेली बाई आहे. लग्नाआधी वडिलांची जीप मीच चिपळूण-खेड करायचे. पण त्याला तेरा वर्षं झाली होती. आम्ही जागा बदलल्या. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, त्यामुळे पहिल्यांदा मी गिअर म्हणून दरवाजाचं हँडल ओढलं. दुसऱ्यांदा गाडी उडी मारून निघाली आणि एक बकरी माझ्या कानाशी येऊन बें बें ओरडली. पण निघाली. किलोमीटरभर तरी चालवली असेन. त्या किलोमीटरभरात मला नोकरी, मुलाखत, तांदूळ काहीही आठवलं नाही. फार आनंद झाला, एवढंच सांगते. शेवटच्या टेकाडाआड आम्ही पुन्हा जागा बदलल्या.

पोचले तेव्हा रेवा बॉनेटवर बसून होती, हातात गाडीच्या कप्प्यातली कंपनीच्या इतिहासाची गुळगुळीत पुस्तिका.

"मम्मी, पप्पाने हाफ स्टोरी बताई थी," ती तिच्या शाळेतल्या हिंदीत म्हणाली. "वो फर्स्ट हंड्रेड किलोमीटर किसने चलाया, पता है? उसकी वाइफ ने."

"कुणाच्या?"

"जिसने कार बनाई. उसको बिना बताए. दो बेटों को लेके अपनी मम्मी के घर गई. रास्ते में फ्युएल खतम, तो मेडिसिन शॉप से लिया. पाइप ब्लॉक हुआ तो हॅटपिन से साफ किया. ब्रेक घिस गया तो मोची से लेदर लगवाया."

मी सुहासरावांकडे पाहिलं. बारा वर्षं मी हा इतिहास ऐकत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तो बारीकसारीक तपशील झाला," नट आवळता आवळता ते म्हणाले.

उम्म फहदला मी पैसे देऊ केले तर ती रागावली. मग तिला एक पातेलं उकडा तांदूळ दिला. तिनं दाणे तळहातावर घेऊन निरखले. हा तांदूळ लाल आणि जाड का, हा प्रश्न तिच्या डोळ्यांत स्पष्ट होता, पण ती घेऊन गेली.

ताइफला पोचेपर्यंत अंधार पडला होता. शनिवारी पहाटे साडेचारला निघालो. हदाचा घाट पाहण्यासारखा आहे, कठड्यावर माकडं बसलेली असतात, त्यांच्यासमोर केळं सोलू नका. घाट उतरल्यावर मक्केकडे न वळता बिगरमुस्लिमांसाठीच्या वळणरस्त्याची पाटी धरायची. ती हुकवलीत तर पोलीस परत पाठवतात आणि तास जातो. पाटीवर नजर ठेवायचं काम माझं होतं आणि मी ते चोख केलं. जेद्दाहनंतर तांबड्या समुद्राच्या कडेनं सरळ रस्ता. पावणेदहाला राबिघच्या गेटवर होतो. गाडीवर धुळीचा थर, ताऱ्यावर बकरीची लेंडी कशी पोचली ते मला आजही कळलेलं नाही.

सुहासराव आत गेले. तासाभरानं बाहेर आले ते विचित्र चेहऱ्यानं.

"काय झालं?"

"साहेबांनी विचारलं, कसे आलात? मी म्हटलं गाडीनं. ते खिडकीशी गेले, गाडी पाहिली, म्हणाले, वा, हिला सोळाशे किलोमीटरमध्ये त्रास झाला नसेल."

"मग?"

"म्हटलं, त्रास गाडीचा नाही, इन्स्पेक्टरचा. निघण्यापूर्वी त्यानं डिकी उघडून पाहिली नाही. बायकोनं चाक दुरुस्त करून आणलं म्हणून इथे उभा आहे." ते गाडीला टेकले. "त्यांनी शेजारच्या खोलीतून दोन माणसं बोलावली आणि मला पुन्हा सांगायला लावलं. ती हसली. मग साहेबांनी वेल्डिंगचे चार प्रश्न विचारले आणि जानेवारीत हजर व्हा म्हणाले."

ज्या माणसानं तारा टूथपेस्टनं घासला, त्यानं तो मिरवायची वेळ आली तेव्हा माझं नाव पुढे केलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि मी तसं तिथेच सांगितलं. ते म्हणाले, "आता तांदूळ पोचवूया."

कॅम्पातल्या सहा पोरांनी आम्हाला त्याच तांदळाची पेज आणि भाजलेली सुकट वाढली. परतीच्या प्रवासात काहीही घडलं नाही, कारण राबिघहून निघण्यापूर्वी सुहासरावांनी एक जुनी स्टेपनी विकत घेतली आणि दर पंपावर उतरून ती जागेवर असल्याची खात्री केली.

नव्या कामावर हजर होण्याआधी पंधरा दिवस चिपळूणला आलो. हे तिथूनच लिहिते आहे. परवा खेडला मावशीकडे वडे-सागोतीचं जेवण झालं. निघताना माझ्या भावाच्या जीपची किल्ली सुहासरावांच्या खिशात होती, कारण सुट्टीत गाडी नेहमी तेच चालवतात. जीपपाशी आल्यावर त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि स्वतः पलीकडून जाऊन बसले. मी रिव्हर्स घेताना खेडच्या बाजारपेठेतले दोन म्हातारे माना लांब करून बघत होते. बघोत.

परशुराम घाटाच्या तोंडाशी सुहासरावांनी घसा साफ केला. मागे रेवा आणि तिची मावसभावंडं बसली होती, त्यांना गाडीचा इतिहास ऐकायचा होता. "तर एक जर्मन बाई होती," त्यांनी सुरुवात केली. "तिनं नवऱ्याला न सांगता गाडी काढली..."

पहिल्या वळणाला त्यांची मान खिडकीला टेकली. दुसऱ्या वळणाला ते घोरायला लागले. मागून पोरं म्हणाली, काकांना उठवा ना, पुढे काय झालं? मी म्हटलं, पुढे काय झालं ते मी सांगते, त्यांना झोपू दे.