मी घोरत नाही

“ही फार घोरते. हिला दुसरी खोली द्या ना,” सायली रिसेप्शनवर म्हणाली. इंग्रजीत. हसत.

मी तिच्या शेजारीच उभी होते. बॅग घेऊन. एका खोलीत आम्ही कधी झोपलोच नव्हतो. त्या हॉटेलात येऊन तासही झाला नव्हता.

दक्षिण कोलकात्यातलं एक जुनं घर, त्याचं हॉटेल केलेलं. लाल गुळगुळीत जमीन, हिरव्या झडपांच्या खिडक्या. गल्लीत गॅलऱ्या, स्टुडिओ, महागडे कॅफे. सॉल्ट लेकच्या आमच्या ऑफिसने टीमला दोन रात्रींसाठी तिथे नेलं होतं. दोघींत एक खोली. मराठी आम्ही दोघीच, म्हणून आमची जोडी. सायली पुण्याहून आलेली. वर्षभर माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी बोटाने चाटून खाणारी.

खोलीत शिरल्या शिरल्या तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला होता. सायलीने फोन माझ्यासमोर धरला.

“अगं, मराठी मैत्रीण! बरं वाटलं बाई. मूळचे कुठले तुम्ही?”

“अंबाजोगाईजवळचे, काकू.”

“हो का? आणि कुलदैवत?”

“मरीआई.”

काकूंचं हसू तसंच राहिलं. डोळे तेवढे हलले. “सायली, जरा बाहेर ये गं. आवाज नीट येत नाहीये.”

आवाज स्वच्छ येत होता.

चूक माझीच, असं मला तेव्हा वाटलं. आमचं आडनाव मराठ्यांतही असतं. बंगाल्यांना तर त्यातून काहीच कळत नाही. बाबा बँकेत अधिकारी. बदलीवर इथे आले आणि त्याच कारणासाठी शहरातल्या बेहाला भागात फ्लॅट घेऊन राहिले. “इथे आपल्याला कुणी ओळखत नाही,” हे ते मोठी कमाई असल्यासारखं सांगतात. मराठी माणसाने कुलदैवत विचारलं तर तुळजाभवानी सांगायचं, हे मला लहानपणीच पाठ करून दिलेलं. पण इंग्रजी शाळेत, बंगाली मैत्रिणींत, कुणी विचारलंच नाही. सराव राहिला नव्हता.

मॅनेजर फार नम्र. मला वरच्या मजल्यावरचा स्वीट दिला. खोलीएवढं बाथरूम, पायांवर उभा टब. पलंगामागच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत, शिंदीच्या केरसुण्या. खाली कलाकाराचं नाव. माझी आजी असल्याच केरसुण्या बांधायची. बाजारात गिऱ्हाईक तिच्या हातात पैसे वरून टाकायचं.

गावकुसाबाहेरची जागा इतकी सुंदर असू शकते, हे मला माहीत नव्हतं.

टीमने दारात गर्दी केली. “ओरे बाबा, तोर तो लॉटरी लेगे गेछे!” मौमिता ओरडली. “आजपासून मीही घोरणार,” म्हणाला आमचा टीम लीड, अनिंद्यदा. चहाच्या वेळी त्याने घोरण्याची नक्कल केली. सगळे हसले. सायली सगळ्यांत जोरात. मीही हसले.

संध्याकाळी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं.

“मरीआई कशाला सांगितलंस? आपलं ठरलंय ना?”

“बाबा, तिने मला खोलीतून काढलं.”

“खोली चांगली मिळाली ना? मग राहा गुपचूप. ऑफिसात कुणाला कळू देऊ नकोस, बाळा.”

त्यांचा आवाज कापत होता. मला काढलं म्हणून नाही. कळेल म्हणून. गप्प राहिले तर मी घोरणारी. बोलले तर बाबांनी आयुष्यभर झाकलेलं मीच उघडं करणार. तिसरी वाट नव्हती.

सकाळी नाश्त्याला अनिंद्यदाने विचारलं, “काय गं, भिंती शाबूत आहेत ना?”

“मी घोरत नाही.” इंग्रजीत बोलले. माझा आवाज मलाच अनोळखी. “सायली माझ्याबरोबर एका खोलीत कधी झोपलेलीच नाही. मी दलित आहे. मातंग. ते तिला काल कळलं, म्हणून तिने मला बाहेर काढलं.”

“काहीतरीच काय बोलतेस!” सायली मराठीत. हळू आवाजात. “आई जुन्या वळणाची आहे गं. आपण आपसात बोलू ना.”

“सगळ्यांना कळेल असं बोल,” मी बंगालीत म्हणाले.

ती रडायला लागली. मौमिताने पाठीवर हात ठेवला. तिच्याच. अनिंद्यदा म्हणाला, “शोनो, ऐका, बंगालमध्ये आम्ही हे असलं काही मानत नाही. ट्रिप खराब करू नका.” आणि लुचीची, मैद्याच्या पुऱ्यांची, थाळी पुढे सरकवली.

मी उठले. स्वीटची किल्ली रिसेप्शनवर ठेवली. “माझी खोली परत द्या.”

“मॅडम, स्वीट आवडला नाही?”

मी हात पुढे करून उभी राहिले. किल्ली मिळेपर्यंत.

खोलीत जाऊन माझ्या पलंगावर बसले. सायली आली, बॅग भरली, मौमिताच्या खोलीत गेली. दुसरी रात्रही मी एकटीच झोपले.

काही बदललं नाही. एचआरने ‘गैरसमज’ हा शब्द वापरला. डबा मी एकटी खाते. बाबा माझ्याशी कामापुरतं बोलतात. फ्लॅट विकून दुसऱ्या शहरात जाऊ, असं आईला म्हणतात. कुठल्या, ते त्यांनाही सांगता येत नाही.

बदलेल असं मला वाटतही नाही. पण आता कुणी मूळचे कुठले विचारलं, की पुढच्या प्रश्नाची वाट बघत नाही. गाव, मरीआई, मातंग, सगळं एकदम सांगते. ज्याला जायचं त्याने बॅग भरावी.

मी खोली सोडणार नाही.