पाय माझा, हात बाबांचा

आमची जुनी गाडी गेली दोन-अडीच वर्षं आम्ही दोघं मिळून चालवत होतो. म्हणजे स्टिअरिंग, ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि क्लच माझ्याकडे, गिअर बाबांकडे. हे सांगितलं की समोरच्याला आधी हसू येतं आणि मग काळजी वाटते. पुण्याच्या माझ्या धाकट्या भावाला नुसतीच काळजी वाटली. हसू त्याला एरवीही कमीच येतं.

बाबांनी उभा जन्म ट्रकवर काढला. अकोल्यात रुईच्या गाठी भरायच्या आणि सांगितलेल्या गिरणीच्या दारात नेऊन उतरवायच्या. गाडी शिकवली तीही त्यांनीच, मी तिशी ओलांडल्यावर, आणि शिकवताना एवढं बोलले की दुसरी कुणी असती तर चावी फेकून घरी गेली असती. "गेर हातानं नाई, कानानं बदलवा लागते," हे त्यांचं एकच वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. इंजिन काय म्हणतंय ते ऐकायचं आणि मग हात हलवायचा.

मग एका सकाळी अंगणात तोंड धुताना त्यांच्या डाव्या हातातला तांब्या सुटला. आमच्याकडे त्याला लकवा म्हणतात. डावा हात आणि डावा पाय गेला. जीभ शाबूत होती, पण बोलणं त्यांनी आपण होऊन बंद केलं. आपल्याकडच्या ड्रायव्हरची डावी बाजू म्हणजे क्लच आणि गिअर. तीच गेल्यावर उजवी धड असून काय करायचं, असा त्यांचा हिशेब असावा. भिंतीकडे तोंड करून दिवस दिवस पडून राहायचे. घरात आम्ही दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झालीत. मी शाळेतून शिकवून यायची, भाकरी टाकायची, आणि त्या पाठीशी बोलायची.

शेवटी एका फिजिओथेरपीवाल्या बाईंनी त्यांना उठवून बसवलं, आणि नेमकी त्यांचीच लग्न होऊन अमरावतीला रवानगी झाली. अकोल्यात फिजिओथेरपीवाले गल्लोगल्ली आहेत. पण बाबांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तेव्हा दर शनिवारी सकाळची शाळा आटपून, दुपारच्या उन्हात बाबांना गाडीत घालून अमरावती गाठायची आणि दिवेलागणीला परत यायचं, असा माझा शनिवार ठरून गेला. रविवार कपडे धुण्यात जायचा. मी दमलेली नव्हते असा एकही दिवस त्या काळातला मला आठवत नाही. "एक ड्रायव्हर ठेव ना," भाऊ फोनवर सांगायचा. ठेवला होता. बाबांनी त्याला वाटेतल्या पहिल्याच गावाच्या, बोरगाव मंजूच्या आत पळवून लावलं.

ते गिअरचं सुरू झालं मूर्तिजापूरच्या अलीकडे. पुढे कापसानं फुगलेली ट्रॅक्टरची ट्रॉली होती, रस्ताभर डुलत चाललेली. मी तिच्यामागे चौथ्या गिअरमध्येच रेंगाळत होते. गिअर उतरवायला हवा हे कळत होतं, पण हात उचलायचा कंटाळा आला होता. खरंच एवढी दमले होते. इंजिन कण्हायला लागलं.

"दाब," शेजारून आवाज आला.

"काय?"

"क्लच दाब नं. गाडी मरून राह्यली."

शिकतानाची भीती अजून पायात होती. मी दाबला. बाबांचा उजवा हात आला आणि त्यानं गाडी तिसऱ्यात टाकली. डाव्या सीटवर बसलेल्या माणसाचा उजवा हात गिअरच्या दांड्याशेजारीच असतो, हे इतके महिने माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्याही नसेल. "सोड आता. हळू. मार!" आम्ही ट्रॉली मागे टाकली. त्यांनी चौथा टाकला, पाचवा टाकला, आणि बडनेऱ्यापर्यंत हात दांड्यावरून काढला नाही. त्या दिवशी ते फिजिओथेरपीवाल्या बाईंशी चांगले कडाकडा भांडले. मला रडू आलं. बाईंना वाटलं, भांडणामुळे.

तेव्हापासून शनिवारी मी शाळेतून यायच्या आधी ते इस्त्रीचा सदरा घालून पलंगावर तयार बसलेले असायचे. बोलायची गरज पुढे पुढे उरली नाही. माझा पाय खाली गेला की त्यांचा हात पुढे यायचा. कधी त्यांचा हात दांड्यावर घट्ट झाला की मी पाय दाबायची. भांडणं व्हायची, नाही असं नाही. "एवढी घाई कायले करते? आपल्याले काय गाठी खाली करा लागते काय?" पण त्या रस्त्यावर ते पुन्हा ड्रायव्हर होते. मला पक्कं ठाऊक होतं, हा दांडा हातातून गेला की ते पुन्हा भिंतीकडे तोंड करतील.

आमचं घर हायवेला लागून आहे. संध्याकाळी ओट्यावर बसून बाबा पूर्वीसारखे जाणाऱ्या ट्रकांचे आवाज ऐकायला लागले होते. "नवा दिसते. घाई केली त्यानं." "हा जुना खिलाडी हाय, पाहा कसा उतरवला." कोण भरलेला, कोण रिकामा, कोण भांडून निघालेला, असं काय काय त्यांना घरासमोरच्या पुलाच्या चढावर कळायचं. अलीकडे काही नवे ट्रक एका सुरात चढ चढून जातात. गिअर त्यांचे तेच बदलतात म्हणे. बाबांच्या सोबतचा एक ड्रायव्हर अजून नोकरीत आहे; मालकानं त्याला असाच ट्रक दिला. तो दाखवायला घेऊन आला तेव्हा मी बाबांना धरून केबिनजवळ नेलं. त्यांनी उंच मान करून आत पाहिलं. जिथे दांडा हवा तिथे एक बटण होतं.

"मंग तू काय करतं?" बाबांनी विचारलं.

"बसतो," तो म्हणाला. "आराम हाय बुढ्या. संध्याकाळी पाय ठणकत नाई." तो खूश होता, आणि का नसावा? पन्नाशीनंतर भरल्या ट्रकचा क्लच दिवसभर दाबून पाहावा म्हणजे कळतं. बाबांनी मान डोलावली. नंतर असा ट्रक गेला की ते म्हणायचे, "मुका हाय," आणि पुढच्याची वाट पाहायचे. पुढचाही कधी कधी मुकाच निघायचा.

त्यातच माझा डावा गुडघा दुखायला लागला, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. आधी जिने चढताना, मग वर्गात उभं राहिल्यावर, मग क्लच दाबताना. मी कुणाला काही बोलले नाही. घरात एक दुखणेकरी पुरे असतो. बाबांसमोर तर मी लंगडायचीसुद्धा नाही. गाडीत बसताना तोंड दुसरीकडे करायची.

याच सुमाराला बाबांचा हातही मंदावला. आधी पाचवा गिअर टाकायचे बंद झाले. मग चौथाही जेमतेम. गावं येत, गतिरोधक येत, पण ते गाडी तिसऱ्यातच ठेवत. आचके देत ती कशीबशी पुढे जायची. ज्या माणसानं एवढ्यासाठी मला पूर्वी रस्त्यात उतरवलं असतं, तो समोर बघत गप्प बसायचा.

"बाबा, गेर टाका नं!"

"चालते तशी."

"चालते काय? ऐकू नाई येत काय तुम्हाले?"

मी चिडायची, आणि चिडून झाल्यावर घाबरायची. कान गेले असतील, किंवा आता उजवा हातही चालला. रात्री पडल्या पडल्या मला तोच विचार यायचा. कधी ते हात दांड्यावर ठेवून नुसते बसून राहायचे, मी पाय दाबून वाट पाहायची, आणि मग हळूच पाय सोडून द्यायची.

एका शनिवारी अमरावतीच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी व्यायामानंतर बाबांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि मलाच टेबलावर घेतलं. गुडघा वाकवून पाहिला, डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टर म्हणाले, गुडघा टिकवायचा असेल तर क्लचची गाडी सोडा. एवढं एकच वाक्य भावाच्या कानावर पडलं आणि त्यानं पुण्यात बसून आठवड्याभरात ऑटोमॅटिक गाडी ठरवून टाकली. शोरूममधला मुलगा म्हणाला, "मॅडम, आता शहरात फिरणारे हेच मागतात. डाव्या पायाला पूर्ण सुटी." त्याला वाटलं मी खूश होईन. मी झाले होते, हे सांगायला हवं. डाव्या पायाला सुटी हे शब्द ऐकून माझे डोळे मिटायला आले होते. भावाला मी फोनवर म्हणालेही, "तसाही बाबांचा हात आता चालत नाही. बरंच झालं." हे मी स्वतःला पटवत होते की त्याला, ते मला तेव्हाही नीट कळलं नाही.

बाबांना सांगायला मी चार दिवस लावले. सांगितलं तेव्हा ते पलंगावर बसून चहा पीत होते.

"गेर नाई तिच्यात?"

"हाय, पण थे गाडीच बदलवते. आपण नुसतं सुरुवातीले टाकाचं."

"बरं," ते म्हणाले, आणि कप माझ्या हातात दिला. संध्याकाळी ओट्यावर आले नाहीत. मी आत पाहिलं तर भिंतीकडे तोंड होतं. नवी गाडी दारात उभी होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

शनिवारी मी शाळेतून आले तर त्यांनी सदरा घातला नव्हता. "तू जाऊन ये," म्हणाले. मी एकटी जाऊन काय तिथे व्यायाम करू, असं बरंच काही बोलले, ओरडलेही. मग मीच सदरा चढवला, बटणं लावली, आणि त्यांना गाडीत बसवलं. गाडी निघाली ती एवढी गुपचूप की मला सवयीनं मागे वळून पाहावंसं वाटलं, काही राहिलं का.

बोरगाव मंजू गावाजवळ एक ट्रॅक्टर आडवा आला. मी ब्रेक मारला, आणि त्याच क्षणी माझा डावा पाय खाली गेला आणि बाबांचा उजवा हात पुढे आला. पाय रिकाम्या जागेवर आपटला. हात दांड्यावर येऊन थबकला. ट्रॅक्टर गेला. गाडीनं आपलं आपणच काय ते केलं आणि ती पुढे निघाली.

आम्ही दोघंही आपापल्या चुकीकडे बघत होतो. मग बाबांनी विचारलं, "दुखला काय?"

"काय?"

"टोंगया. आता दाबला तं दुखला काय?"

आमच्याकडे गुडघ्याला टोंगया म्हणतात. मी म्हणाले, नाही. मग विचारलं, "तुम्हाले कोनं सांगतलं, टोंगया दुखते म्हून?" भावानं सांगितलं असणार, असं माझ्या मनात आलं.

"कोन सांगन? मायाच हातात येत होतं नं. तू क्लच पुरा दाबत नव्हती. गेर रगडत होता. दिवाळीच्या आधीपासून." त्यांनी दांड्यावरचा हात काढला. "म्हून तिसऱ्यातच ठेवत होतो. जितके गेर कमी, तितकं तुले दाबाचं कमी."

मी गाडी बाजूला घेतली. त्या सगळ्या आचक्यांवर मी त्यांच्यावर ओरडले होते, आणि त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. ज्यांना गाडीची एवढीशी कुरकुर सहन व्हायची नाही, त्यांनी माझ्यासाठी ती महिनोन् महिने मुद्दाम करवली होती. एक दांडा त्यांच्या हातात उरला होता, आणि तो त्यांनी माझ्यासाठी होता होईल तेवढा हलवला नाही. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. ते रुमाल शोधत राहिले; तो डाव्या खिशात होता आणि तिथे त्यांचा उजवा हात पोचेना. शेवटी मीच काढून घेतला.

"चाल आता," ते म्हणाले. "बाई वाट पाहून राह्यली असन."

मी गाडी रस्त्यावर घेतली. त्यांचा हात आता मांडीवर होता, डाव्या हातावर ठेवलेला. मी विचारलं, "पुढच्या शनिवारी येता नं, बाबा?"

"हाव. येतो."

"गेर नाई तरी?"

"गेरचं काय," ते समोर बघत म्हणाले. "मूर्तिजापूरच्या पुढं तुया डोया लागते. इतके दिवस हात दांड्यावर होता, तं मी दांडा हलवून तुले जागी करत होतो. आता बोलत यावं लागन."

मला वाटायचं, माझी ती डुलकी फक्त मलाच माहीत आहे.